एक शहाणा विरोधक हवा आहे

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ एका वाक्याचा होता. असं एक विधान लिहा, की ज्याच्याशी एखादा शहाणा माणूस असहमत होऊ शकेल. मी लिहिलं, 'पर्यावरणाचं रक्षण करणं ही काळाची गरज आहे.' उत्तर आलं, 'याला नाही म्हणणारा शहाणा माणूस दाखवा.' मग लिहिलं, 'मानवी जीवनात शिक्षणाचं महत्त्व अनन्यसाधारण आहे.' उत्तर तेच. शेवटी सगळी पुण्याई पणाला लावून लिहिलं, 'समाजमाध्यमांचे जसे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.' त्यावर प्रोफेसरबाईंनी विचारलं, 'म्हणजे तुम्ही नक्की कुठे उभ्या आहात?'

त्यांना काय सांगणार? आम्ही मराठी माध्यमातून आलेली माणसं. आमच्याकडे निबंधात कुठे उभं राहायचंच नसतं. 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय आला की पहिल्या पानावर वरदान, दुसऱ्या पानावर शाप, आणि पुरवणी मिळालीच तर तिच्यावर विज्ञान हे दुधारी शस्त्र असून ते कोणाच्या हातात आहे यावर सारं अवलंबून आहे, असा तह. हा तह दहावीच्या बोर्डाला कायम मान्य असायचा. तपासनीस शापाच्या बाजूचे आहेत की वरदानाच्या हे माहीत नसताना दोन्हीकडे थोडं थोडं पेरून ठेवणं हे आम्ही चौदाव्या वर्षी शिकलो. वीस वर्षं सांगलीत बँकेच्या काउंटरवर आणि त्यानंतर सासरच्या मंडळींत वावरताना त्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा बीजगणिताचा झाला नाही.

पटवून देणाऱ्या इंग्रजी लेखनाचा हा ऑनलाइन कोर्स मी हौसेनं घेतला नव्हता. न्यू जर्सीत येऊन स्थिरस्थावर झाल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगसाठी नाव घातलं. तेव्हा कळलं की इथे हिशेब शिकायचे असले तरी आधी इंग्रजी लेखन पास व्हावं लागतं. आलेल्या मुलांना धड लिहिता येत नाही, अशी ओरड हार्वर्डमध्ये झाली आणि १८८५ साली पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखनाचा कोर्स लावला गेला. तेव्हापासून हे लोण देशभर पसरलं आहे. ओरड अजून चालू आहे आणि सक्तीही. 'हिशेबनिसाला पटवून देणारं लेखन कशाला लागतं?' असं मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, 'इन्कम टॅक्सवाल्यांसाठी.'

ऑनलाइन म्हणजे वर्ग नाही, बाक नाही, हजेरी नाही. बाईंचे व्हिडिओ आहेत. त्या नेहमी एकाच निळ्या स्वेटरमध्ये बोलतात. (एका बैठकीत सगळे उरकले असणार, मीही तेच केलं असतं.) त्या वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. पहिल्याच पत्रात त्यांनी मला नावानं हाक मारा म्हणून सांगितलं होतं. ते काही माझ्या जिभेला जमलं नाही. आठवडा संपतो रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी. बारा का नाही? तर बारा वाजले की सोमवार लागतो आणि सोमवार कोणाच्या मालकीचा यावर वाद होतो म्हणे. त्यामुळे रविवारी रात्री इथली अर्धी तरुण पिढी काय करत असते हे पालकांनी वेगळं विचारायला नको.

विषय आपापला निवडायचा होता. सोबत बाद विषयांची यादी होती : गर्भपात, बंदुका, फाशी, गांजा. बाईंनी खाली लिहिलं होतं की या विषयांवर त्यांनी इतकं वाचलं आहे की आता त्यांना स्वतःचं मतच उरलेलं नाही. मी बरेच दिवस विषय शोधत होते आणि तो मिळाला पेट्रोल पंपावर.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं : आज सबंध अमेरिकेत न्यू जर्सी हे एकच राज्य असं आहे, जिथे आपल्या गाडीत आपण स्वतः पेट्रोल भरणं कायद्यानं मना आहे. कायदा १९४९ चा. त्या सुमाराला हॅकेनसॅकमध्ये एका गृहस्थानं 'स्वतः भरा, स्वस्तात न्या' असा पंप काढला आणि तिथे गाड्यांची रांग लागली. बाकीचे पंपवाले सरळ विधिमंडळाकडे गेले. कायद्यात कारणं मोठी सात्त्विक दिली आहेत : आगीचा धोका, वाफा, वृद्धांची सोय. शेजाऱ्याचा धंदा जास्त चालतो हे कारण कुठल्याच कायद्यात लिहीत नाहीत. ओरेगन हे दुसरं राज्य बरीच वर्षं सोबतीला होतं. त्यानंही २०२३ च्या ऑगस्टमध्ये माघार घेतली. तेव्हापासून जर्सी एकटी. त्यामुळे जर्सीकर परराज्यातही ओळखू येतो : पेन्सिल्व्हेनियातल्या पंपावर गाडी लावायची, काच खाली करायची आणि कोणीतरी येईल म्हणून शांतपणे बसून राहायचं.

माझं विधान ठरलं : न्यू जर्सीनं ही बंदी उठवू नये. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'यात पटवायचं काय? ते भरतात, आपण बसतो. पण खरं म्हणजे भरू द्यावं ज्याचं त्याला. थंडीत दोन गाड्यांच्या मागे ताटकळायचं कशाला?' मला माझा विरोधक घरातच मिळाला. 'शहाणा' या अटीवर थोडी तडजोड करावी लागली.

पुराव्यापाशी घोडं अडलं. मी लिहिलं होतं की आमच्या मिरज रोडच्या पंपावरचा मुलगा भरायच्या आधी 'मॅडम, झीरो बघा' म्हणायचा, आणि त्या दोन शब्दांत ग्राहक संरक्षणाचा अख्खा कायदा सामावला होता. बाईंनी समासात लिहिलं, 'ही आठवण आहे. पुरावा कुठे आहे?' पुरावा म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयातून काढलेला, तज्ज्ञांनी तपासलेला लेख. विकिपीडिया चालत नाही. ऑफिसातले सहकारी चालत नाहीत. 'सगळ्यांना माहीत आहे' हे तर अजिबात चालत नाही. आमच्या घराण्यात शंभर वर्षं जे जे ठरलं, सोयरिकी, वाटण्या, कोणाकडे जेवायला जायचं नाही ते, सगळं याच एका संदर्भावर ठरलेलं. तो काढून घेतल्यावर माझ्याकडे वाफांवरचा एक निबंध आणि दराचे दोन तक्ते एवढंच उरलं.

मग आला अ‍ॅरिस्टॉटल. त्यानं तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की माणूस तीन गोष्टींनी वळतो : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. इथॉस, पॅथॉस, लोगॉस. बाईंनी एका जाहिरातीत तिन्ही शोधून दाखवायला सांगितलं. मी जाहिरात घेतली नाही. त्याच रविवारी सासूबाईंचा सांगलीहून फोन आला होता. त्या म्हणाल्या, "माझं काय, माझे दिवस जातात. तुम्ही तिकडे सुखात आहात ना, मग झालं. यंदा आंबा चांगला आलाय म्हणे. पण तुम्हाला सुट्टी कुठली मिळायला? नसेल जमत तर राहू दे." आता यात शोधा. पत : पंच्याऐंशी वर्षांचं वय, न सांगता सांगितलेलं. भावना : दिवस जातात. तर्क : आंबा. आणि विधान? विधान कुठेच नाही. 'तुम्ही या' हे दोन शब्द त्या सबंध फोनमध्ये उच्चारले गेले नाहीत. मंगळवारी आम्ही मे महिन्याची तिकिटं काढली, ऐन हंगामातल्या भावानं.

मी हे सगळं उत्तरात लिहिलं. बाईंनी पूर्ण गुण दिले आणि खाली लिहिलं, 'मात्र अकॅडेमिक लेखनात विधान पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी स्पष्ट सांगावं लागतं.' म्हणजे पटवायचं तर पटवा, पण आधी सूचना देऊन. मला हे अजून पचलेलं नाही. समोरच्याला आपल्याला काय हवंय ते पहिल्या मिनिटाला सांगून टाकलं की तो खुर्चीत ताठ बसतो. आमच्याकडे लग्नाची बोलणी पावसापाण्यापासून सुरू होतात ती उगाच नाही.

चौथ्या आठवड्यात स्टीफन टूलमिन. हे इंग्रज तत्त्वज्ञ. त्यांनी १९५८ साली पुस्तक लिहून दाखवलं की माणसं वाद घालताना खरं काय करतात : एक दावा असतो, एक आधार असतो, आणि आधारावरून दाव्यापर्यंत नेणारा एक न बोललेला दुवा असतो. त्यांचं उदाहरण आहे बर्म्युडात जन्मलेल्या हॅरीचं. हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून हॅरी ब्रिटिश प्रजाजन. मधला दुवा : बर्म्युडात जन्मलेला माणूस सहसा ब्रिटिश प्रजाजन असतो. हॅरीचे आईबाप दोघं परदेशी असले तर गोष्ट वेगळी, अशी पुस्तीही आहे. मी घरचं उदाहरण दिलं. मुलगा इंजिनिअर आहे, म्हणून स्थळ चांगलं आहे. मधला दुवा काय? हा प्रश्न महाराष्ट्रात दोन पिढ्या कोणी विचारलाच नव्हता. मी तो स्वयंपाकघरात उभी राहून विचारला. इंजिनिअर बाहेर बातम्या बघत होता.

खरं तर टूलमिनसाहेबांच्या किती आधी आपल्याकडे हे होऊन गेलंय. न्यायसूत्रांत गौतमांनी अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. तसाच हा डोंगर. म्हणून डोंगरावर आग आहे. अमेरिकन शाळेत पोरांना पाच परिच्छेदांचा निबंध घोटून घेतात, त्यातही पहिल्यात सांगितलेलं पाचव्यात पुन्हा सांगतात. ते बघून मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. बाईंना लिहून पाठवलं. त्यांना फार आवडलं. फक्त स्वयंपाकघराला संदर्भ द्या म्हणाल्या.

याच गौतमांनी चर्चेचे तीन प्रकारही केले आहेत. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची उधळून लावायची ती वितंडा. पहिल्याचं शिक्षण मी आता फी भरून घेत होते. उरलेल्या दोन्हींचं आम्हाला सोसायटीच्या वार्षिक सभेत फुकट मिळालं होतं.

गुण देण्याचा इथे एक तक्ता असतो, त्याला रुब्रिक म्हणतात. विधानाला इतके, पुराव्याला इतके, प्रतिपक्षाला इतके, भाषेच्या संयमाला इतके. तो तक्ता हाती आल्यावर मला एक वाईट खोड लागली. मी आपल्याकडच्या थोरांचे पेपर तपासायला घेतले. लोकहितवादींची शतपत्रं. १८४८ पासून 'प्रभाकरा'त आलेली, नाव शतपत्रं आणि संख्या १०८, म्हणजे शब्दमर्यादा इथेच ओलांडली. शिवाय टोपणनावानं लिहिलेली, तेव्हा लेखकाची पत या रकान्यात काय भरायचं? ताराबाई शिंद्यांची १८८२ ची 'स्त्रीपुरुष तुलना'. बुलढाण्यातल्या या बाईनं पुरुषांना एकेका दोषावरून उभं करून जाब विचारला आहे. पुरावा पोत्यानं. संयमाच्या रकान्यात मात्र मी पेन उचलून धरलं आणि तसंच खाली ठेवलं. जिथे संयम ठेवला असता तर पुस्तकच लिहायचं कारण उरलं नसतं, तिथे कसले गुण कापता?

आणि 'केसरी'. १८९७ चा जुलै, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख. रुब्रिकप्रमाणे बघू. विधान प्रश्नार्थक नसावं : इथे मथळाच प्रश्न. प्रतिपक्षाचा आदरानं उल्लेख : प्रतिपक्षाचं डोकं शोधायचं काम चालू आहे. संदर्भसूची : नाही. वाचकावर परिणाम : त्याच महिन्यात संपादकांना अटक, आणि तीही दुसऱ्याच मजकुरासाठी. माझ्या हिशेबानं टिळक काठावर नापास होतात. पुन्हा लिहून आणा, असा शेरा मारून कोणी विंचूरकर वाड्यात पाठवलं असतं तर काय झालं असतं, ते आपण सोडून देऊ.

एकमेकांचे निबंध तपासायचा आठवडा मला सगळ्यात जड गेला. माझ्या वाट्याला आलेला मुलगा रात्रपाळीला गोदामात काम करणारा. किमान वेतनावर लिहिलेलं, आणि चांगलं लिहिलेलं. पगाराच्या पावतीवरून सुरुवात केली होती आणि ती पावती कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त बोलत होती. मी मनापासून दाद दिली : 'ठीक आहे.' त्यानं बाईंकडे विचारणा केली की आपलं नक्की काय चुकलं. 'ठीक आहे' ही आमच्याकडची शाबासकी असते, याच्या वर फक्त 'बरं जमलंय' आणि ते माणूस गेल्यावर म्हणतात, हे त्याला समजावून सांगायला मला अर्धं पान लागलं. उलट माझ्या निबंधावर त्याचा अभिप्राय होता : 'अप्रतिम! थरारक! डोळे उघडले!' पेट्रोल पंपावरच्या निबंधानं. मी तो नवऱ्याला तीनदा वाचून दाखवला.

पुढे निबंध नक्कल पकडणाऱ्या यंत्रात गेला. यंत्रानं माझं नाव, कॉलेजचं नाव आणि तारीख या तिन्ही गोष्टी दुसरीकडे आढळल्याचं कळवलं. हल्ली ही यंत्रं निबंध माणसानं लिहिला की दुसऱ्या यंत्रानं, हेही सांगतात. माझ्या दोन परिच्छेदांखाली पिवळी रेघ आली. आमचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेलं. कर्ता, क्रियापद, कर्म आणि पूर्णविराम, कुठे लाड नाहीत. यंत्राला वाटलं, इतकं सरळ माणूस कशाला बोलेल? मी एकटीच त्यात नव्हते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली परदेशी विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध असल्या सात यंत्रांतून काढले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्रलिखित ठरले. इथल्याच शाळकरी मुलांचे निबंध मात्र बहुतेक सुटले. मी हाच अभ्यास संदर्भासहित बाईंना पाठवला. पूर्ण कोर्सात माझ्या हातून घडलेलं पहिलं शुद्ध अकॅडेमिक पटवणं ते हेच. रेघ पुसली गेली.

शेवटचे दोन आठवडे प्रतिपक्षाचे. समोरच्याचं म्हणणं आपण आधी मांडायचं, ते त्याला स्वतःला मांडता आलं नसतं इतकं चांगलं मांडायचं, त्यात तथ्य असेल तेवढं मान्य करायचं आणि मग 'तरीसुद्धा' म्हणून आपल्या वाटेला लागायचं. जुने भाष्यकार हेच करायचे. पानभर पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. मला हा भाग मनापासून आवडला. आयुष्यात पहिल्यांदाच मी नवऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, टिपणं काढत. थंडीतली रांग, मजुरीचा खर्च दरात धरला जाणं, रात्री बंद होणारे पंप. ते इतकं व्यवस्थित लिहिलं गेलं की तो म्हणाला, इथेच थांबव, छान झालंय. मी 'तरीसुद्धा' लिहिलं आणि वृद्धांवर, गुडघेदुखीवर आणि पंपावर उभ्या असणाऱ्या माणसांच्या नोकऱ्यांवर आले. अ मिळाला. या देशाचं पेट्रोल धोरण त्यामुळे कुठल्याच दिशेला हललं नाही.

अंगात हे सगळं ताजं असताना आमच्या मराठी मंडळाची गणपतीची सभा आली. मुद्दा मोदकांचा. उकडीचे मोदक बाहेरून मागवावेत असं मला मनापासून वाटत होतं. दर वर्षी त्याच सहा बायका दोन रात्री उकड मळतात आणि आरतीला झोपेनं पेंगतात. माईक हातात आला. मी पद्धतशीर सुरुवात केली. म्हटलं, "काही जणांचं म्हणणं असं आहे की प्रसादाचे मोदक आपल्या हातचेच हवेत. आणि हे म्हणणं रास्त आहे. आपली मुलं इथे वाढताहेत. कळ्या कशा पाडतात हे त्यांनी बघायला हवं. विकतच्या मोदकाला तुपाची धार असते, पण त्यात शेजारणीशी मारलेल्या गप्पा नसतात. परंपरा म्हणजे दुसरं काय असतं?" टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी 'वा!' म्हणालं. मी 'तरीसुद्धा' म्हणायला श्वास घेतला, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "वहिनींनी अगदी सगळ्यांच्या मनातलं मांडलं. अनुमोदन कोणाचं?" सात हात वर गेले. ठराव एकमतानं मंजूर. नारळसुद्धा गोठवलेला नको, ताजाच खवायचा, अशी उपसूचना आली, तीही मंजूर. इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव आहे आणि प्रमुख म्हणूनही.

घरी येताना गाडीत नवरा हसत होता. मी काही बोलले नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी ओट्यावर नारळांची चळत लावली, शेजारी खवणी ठेवली आणि म्हटलं, "माझे हात दुखतात आताशा. पण तुला ऑफिसचं काम असेल. नसेल जमत तर राहू दे."

रात्री साडेअकरापर्यंत तो नारळ खवत होता.